पाव्हण्याच्या ताटात वाळलं गवत

भागूमावशींनी मला "कशा आहात?" असं कधी विचारल्याचं आठवत नाही. त्या विचारायच्या, "काय खाल्लं?"

संगमनेरच्या त्या कॉलनीत आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. सकाळी पावणेसातला मी कुलूप लावून शाळेकडे निघाले की पलीकडून हा प्रश्न यायचाच. "चहा घेतला," म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. "निस्ता च्या? थांबा जरा बाई." मग अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी कागदात गुंडाळून हातात. उशीर होतो म्हणून मी रोज चिडायचे आणि दहाच्या सुट्टीत तीच भाकरी मुकाट्याने खायचे. मावशींना जाऊन आता दोन पावसाळे झाले. अजूनही कुलूप लावताना माझा हात क्षणभर थांबतो.

त्या मूळच्या तिसगावकडच्या. पाथर्डी तालुक्यातलं कोरडं रान, त्यामुळे पाण्याने भरलेली बादली दिसली की त्या आधी तिच्यावर झाकण ठेवायच्या आणि मग बोलायला लागायच्या. मुलगा पोपट टेम्पो चालवायचा. सून लवकर गेली, तेव्हा नात श्रेया चार वर्षांची होती. तिला मावशींनीच वाढवलं.

त्यांची आणखी एक सवय होती, चाखण्याची. जे दुसऱ्याला द्यायचं ते आधी तळहातावर घेऊन स्वतःच्या जिभेला लावायचं. "आपल्या जिभंला लागल्याबिगर दुसऱ्याच्या म्होरं ठेवायचं न्हाई," हा त्यांचा कायदा. तो माणसांपुरता नव्हता. मी एकदा त्यांच्याबरोबर पशुखाद्याच्या दुकानात गेले होते. त्यांनी पोत्यात हात घालून सरकी पेंडीचा तुकडा उचलला, दाढेखाली धरला आणि म्हणाल्या, "खवाट हाय. दुसरं पोतं फोडा." दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. मी दुसरीकडे बघत राहिले.

पण पेंड घ्यायला आम्ही गेलोच का होतो, हे आधी सांगायला हवं. पेंड सशासाठी होती.

श्रेयाला पुण्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि तिचा ससा मागे राहिला. पांढरा, एका डोळ्याभोवती करडं वर्तुळ असलेला, दोन वर्षांचा. वसतिगृहात त्याला परवानगी नव्हती. निघताना ती आजीच्या गळ्यात पडून म्हणाली, "आज्जी, मी दिवाळीला येईपर्यंत नीट सांभाळ. मला तो असाच पाहिजे." मावशींनी मान हलवली. बस सुटल्यावर मात्र माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली. "बाई, पोरगी जीव ठिवून गेली माज्यापाशी. काय झालं म्हंजी?"

श्रेयाने त्याचं नाव ठेवलं होतं स्नोई. मावशींच्या तोंडात ते बसेना. दोन दिवस त्यांनी "सोनू", "सुनाई" असं काहीबाही करून पाहिलं आणि शेवटी "पाव्हणं" या नावावर त्या स्थिरावल्या. तिथेच घोटाळ्याला सुरुवात झाली. एकदा पाहुणा म्हटल्यावर त्याच्या पुढ्यात काय ठेवायचं आणि काय ठेवायचं नाही, हे मावशींच्या हातात राहिलं नव्हतं.

श्रेयाने जाताना फ्रिजवर एक कागद चिकटवला होता. पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरात: वाळलं गवत, दिवसभर, भरपूर. मावशींनी ती ओळ बोट ठेवून वाचली, कागद काढला, घडी घालून देव्हाऱ्याखाली ठेवला. "पोरीला वाटलं आसंल, आजीला तरास नको. पर दारी आलेल्याला वाळकं घालायला आपल्याकडं काय दुष्काळ पडलाय?"

पाव्हण्याला स्टीलचं ताट होतं. त्यात सकाळी लसूणघास. आमच्याकडे दूधवाल्यांच्या गाईंना घालतात तो हिरवागार, कोवळा घास. मावशी पहाटे फिरायला जायच्या आणि ओळखीच्या मळ्यातून पेंढी उचलून आणायच्या. दुपारी भाकरीचा चतकोर, वर गुळाचा खडा. संध्याकाळी भिजवलेली पेंड. "गाईनं खाल्लं तर धा लिटर दूध देती. ह्येनं खाल्लं तर ह्येच्या अंगाला लागंल का न्हाई?" तर्क बिनतोड होता.

मी तरी काय मोठं शहाणपण केलं? वीस वर्षं विज्ञान शिकवतेय आणि वीस वर्षं फळ्यावर ससा काढला की त्याच्या हातात गाजर देतेय. मी अर्धा किलो गाजरं नेऊन दिली. मावशींनी एक चावून पाहिलं आणि मला पसंतीची पावती दिली.

पाव्हणा गुबगुबीत झाला. मावशींची काळजी मात्र त्याच्याबरोबर वाढत गेली. त्याची लघवी पांढरट, चुना कालवल्यासारखी दिसायला लागली. मावशी म्हणाल्या, "घासाचं दूध झालं वाटतं." मी हसले. तेव्हा हसायला नको होतं. आणखी एका सकाळी त्यांनी मला इतक्या घाबऱ्याघुबऱ्या हाक मारली की मी तोंडातला ब्रश घेऊनच धावले. पाव्हणा मान खाली घालून स्वतःच्याच बुडाशी तोंड नेऊन काहीतरी मऊ, काळं खात होता. मावशींनी पदर तोंडाला लावला. "बाई, सवताचंच! म्या उपाशी ठिवला का ह्येला? पोरीला काय सांगू?" मी मोबाईलवर शोधलं. सशाचं असंच असतं, एकदा पोटातून गेलेलं पहाटे तो पुन्हा खातो, त्यातच त्याची ताकद असते. मी हे वाचून दाखवलं. मावशींचा विश्वास बसला नाही. त्या दिवशी त्यांनी ताटात दुप्पट घास टाकला.

मग बैलपोळा आला. मावशींच्या दारात बैल नव्हता. संगमनेरात आल्यापासून त्या मातीच्या बैलांची पूजा करायच्या. त्या वर्षी दारात जितंजागतं जनावर होतं. मी शाळेतून आले तर पाव्हण्याच्या कपाळाला हळदकुंकू, पाठीवर श्रेयाच्या जुन्या फ्रॉकची झूल, पुढ्यात ताट आणि ताटात तुपाची धार सोडलेली पुरणपोळी. अर्धी संपलेली. मी पोट धरून हसले. मावशीही हसल्या, पण डोळे पुसत. "लई वर्सांनी पोळा झाला बघा बाई माज्या हातनं." त्या अश्रूंचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

दुसऱ्या दिवशी पाव्हण्याचं पोट बिघडलं. पिंजरा घाण झाला. मावशींनी घरात वर्षानुवर्षं चाललेला उपाय केला, लंघन. ताट उचललं, पिंजरा धुतला, नुसतं ओव्याचं कोमट पाणी ठेवलं. "पोटाला इसावा द्याचा. येक दिस काय खायचं न्हाई म्हंजी न्हाई." ज्या बाई मला चहावर घराबाहेर पडू देत नव्हत्या, त्यांनी काळजावर दगड ठेवून त्याला उपाशी ठेवलं आणि त्याच्याबरोबर स्वतःही जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी पिंजरा अगदी स्वच्छ होता. "बघा, जुलाब थांबलं," त्या म्हणाल्या. मीही म्हणाले, "बरं झालं," आणि शाळेला गेले. त्या दोन शब्दांची मला अजून लाज वाटते.

दुपारी परतले तर मावशी फाटकात उभ्या. पदरात पाव्हणा. "बाई, ह्येचे कान गार पडलेत. दात खातोय." तो अंगाचा गोळा करून बसला होता आणि दातांवर दात घासल्याचा बारीक आवाज येत होता. मी रिक्षा थांबवली. रस्ताभर मावशी एकच वाक्य पुटपुटत होत्या, "दिवाळीला येनार हाय ती. दिवाळीला येनार हाय."

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "खाऊन किती वेळ झाला?"

"काल सकाळधरनं लंघन हाय," मावशी म्हणाल्या.

डॉक्टरांचा हात थांबला. त्या रागावल्या नाहीत. सलाईन कातडीखाली देत, पोट हलक्या हाताने चोळत सांगत राहिल्या. "आजी, गाईचा एक वेळचा चारा चुकला तर निभतं. सशाच्या पोटातून दिवसभर काही ना काही पुढे सरकत राहायला लागतं. ते थांबलं की त्याच्या हातात फार वेळ नसतो. सशाला लंघन नाही. कधीच नाही."

मग त्यांनी काय काय घालता ते विचारलं. मावशींनी एकेक सांगितलं आणि डॉक्टर एकेक खोडत गेल्या. लसूणघास पिलांसाठी ठीक, मोठ्या सशाला त्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, जड जातो, लघवीत खडे होतात. पेंड बंद. भाकरी बंद. गूळ बंद. गाजर म्हणजे त्याचा पेढा, आठवड्यातून एखादी चकती. रोज मूठभर कोथिंबीर नाहीतर मुळ्याचा पाला.

"आन् पुरनपोळी?" मावशींनी खालच्या आवाजात विचारलं.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"मग ऱ्हायलं काय?"

"वाळलेलं गवत. चोवीस तास, हवं तेवढं. तेच त्याचं जेवण. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, ते गवतानेच झिजतात. पोटही गवतानेच चालतं. बाकीचं सगळं तोंडी लावायला."

दोन दिवस आम्ही पिचकारीने पातळ खाद्य त्याच्या तोंडात सोडत होतो. पोपट पाय धरायचा, मी पिचकारी धरायची आणि मावशी त्याच्या कानात बोलायच्या. पिंजऱ्यात लेंडी दिसत नव्हती. माझं वर्गात लक्ष नव्हतं, मी दर तासाला पोपटला फोन करत होते. श्रेयाला अजून कळवलं नव्हतं. कळवायचं कोणी, हे आम्ही तिघंही एकमेकांवर ढकलत होतो. त्यानंतरच्या सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "बाई! पडली! येक पडली!" मी गेले तर मावशींनी ती लेंडी पिंपळाच्या पानावर घेतली होती आणि प्रसादासारखी माझ्यापुढे धरली होती. मी ती वाकून पाहिली. दुसरं काय करणार?

पाव्हणा वाचला. इथून पुढे सगळं सरळ व्हायला हवं होतं.

पोपटने डोंगराकडच्या एका ओळखीच्या माणसाकडून मारवेल गवताचा भारा आणला. सुकलेलं, पण आत हिरवी झाक असलेलं. मावशींनी भाऱ्याकडे पाहिलं आणि घरात निघून गेल्या. तासाने मी गेले तर भारा तसाच, ताट रिकामं.

"मावशी, अहो, टाका ना त्याला!"

"तुमी टाका."

"मी कशाला? तुमच्या हातचं खायची सवय आहे त्याला."

"माज्या हातानं न्हाई व्हनार, बाई."

मी वैतागले. एवढं मरणाच्या दारातून आणलेलं जनावर, आणि ही बाई हट्टाला पेटलीय, असं वाटलं. तसं बोललेही, जरा जास्तच. मावशी ऐकून घेत राहिल्या. मग पायरीवर बसल्या आणि भाऱ्याकडे न बघता सांगू लागल्या.

बहात्तरच्या दुष्काळात त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. घरी सर्जा नावाचा एक बैल उरला होता. कडबा संपला, बांधावरची काडी संपली. मग त्यांच्या वडिलांनी घरावर चढून छपराचं गवत उपसलं. रोज थोडं थोडं. वर आभाळ दिसायला लागलं. "बा म्हनायचा, भागे, तू घाल. तुज्या हातचं खातो त्यो." छोटी भागू ते काळं पडलेलं गवत झटकून सर्जापुढे धरायची. तो हुंगायचा आणि मान फिरवायचा. "म्हनून म्या येक काडी तोंडात घातली. बगाया, का खाईना म्हनून. नुसता धूर, बाई. वर्सानुवर्सं चुलीचा धूर प्यालेलं गवत त्ये. कडू जहर. तरी म्या त्येला घातलं. रोज घातलं. शेवटाला त्येनं माज्याकडं बगून खाल्लं. आठ दिसांनी गेला."

मी उठले. भारा सोडला, मूठभर गवत घेतलं आणि ताटात टाकलं. त्या दिवसापासून माझी नेमणूक झाली. सकाळी शाळेला जाण्याआधी मी, संध्याकाळी पोपट. मावशी कोथिंबीर निवडून द्यायच्या, पाणी बदलायच्या, पिंजरा धुवायच्या. गवत टाकायची वेळ झाली की पाठ फिरवून उभ्या राहायच्या. त्यांनी सगळं चाखलं होतं, घास, पेंड, गाजर, अगदी डॉक्टरांनी दिलेलं पिचकारीतलं खाद्यसुद्धा. या गवताची काडी मात्र त्यांनी जिभेला लावली नाही.

आणि काळजी? ती आता चोवीस तासांची झाली. मावशी लेंड्या पाहायच्या. गोल आहेत का, सुक्या आहेत का, कालच्यापेक्षा बारीक तर नाहीत. एखाद्या सकाळी पाव्हणा उशिरा ताटाशी आला तरी त्या हातातलं काम टाकून पिंजऱ्यापाशी जाऊन बसायच्या. दिवाळीला श्रेया आली, सशाला उराशी धरून रडली आणि म्हणाली, "आज्जी, किती छान ठेवलास ग!" मावशींनी माझ्याकडे चोरून पाहिलं. आम्ही तिला काहीच सांगितलं नाही. परत जाताना तिने नवी मुदत दिली, "आता उन्हाळ्यात खोली घेते, मग घेऊन जाईन." मावशींच्या डोक्यावर पुन्हा तेवढे महिने चढले.

संक्रांतीनंतर माझं ते घर सुटलं. राहात्याला आई एकटी होती, तिच्याच्याने आता होत नव्हतं, आणि तिथल्या शाळेत मला जागा मिळत होती. मी मावशींना सांगितलं. "चांगलं झालं. आईला बगा," त्या म्हणाल्या. जरा वेळाने विचारलं, "मग सकाळचं गवत?"

"तुम्ही टाकाल, मावशी."

आठ दिवस त्यांनी तो विषय टाळला आणि मीही टाळला. पोपटनेच त्याच्या टेम्पोतून माझं सामान राहात्याला पोचवलं. उतरवून झाल्यावर म्हणाला, "ताई, मी उद्या कांदा घेऊन सुरतेला चाललोय. चारपाच दिस लागतील." म्हणजे सकाळीही कोणी नाही आणि संध्याकाळीही नाही.

पहिल्या दिवशी मी फोन केला. "टाकलं का गवत?"

"व्हय."

"कोणी टाकलं?"

"टाकलं की." आणि लगेच, "तुमी काय खाल्लं?"

मला त्या आवाजाचा भरवसा वाटेना. दुसऱ्या दिवशी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी बंद. पोपटचा लागला, पण तो म्हणाला, "आई चार्जिंग करत न्हाई, ताई. आसंल बरी." आसंल! मला एकसारखे ते गार कान आठवत होते. मावशी ताटात पुन्हा घास टाकत असतील का? भाकरी? की काहीच नाही? डॉक्टरांचं वाक्य डोक्यात घणासारखं पडत होतं, त्याच्या हातात फार वेळ नसतो. आईला शेजारणीवर सोपवून चौथ्या दिवशी सकाळी मी पहिली बस धरली. वाटेत कंडक्टरशी सुट्या पैशांवरून विनाकारण भांडले.

कॉलनीत पोचले तर मावशींचं दार पुढे लोटलेलं. ओसरीवर पिंजरा उघडा होता. आत पाव्हणा नव्हता. ताटही नव्हतं. मी हाक मारायला तोंड उघडलं.

मागच्या अंगणातून सुपाचा आवाज आला.

मी भिंतीला धरून बोळातून मागे गेले. मावशी धुण्याच्या दगडावर उन्हात बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात मारवेल. त्या कुसळं, काडीकचरा वेचून बाजूला टाकत होत्या. त्यांच्या पायाशी स्टीलचं ताट आणि ताटाशी पाव्हणा, मागच्या दोन पायांवर उभा राहून सुपाकडे नाक उडवत. मी आल्याचं त्यांना कळलं नव्हतं.

त्यांनी एक काडी उचलली. उजेडात धरली, हुंगली. मग तोंडात घातली आणि डोळे मिटून चावू लागल्या. पुरण शिजलंय का पाहताना त्यांचा चेहरा असाच व्हायचा. बराच वेळ चावलं.

मग त्यांनी डोळे उघडले, मूठभर गवत घेतलं आणि स्वतःच्या हाताने ताटात ठेवलं.

"खा, पाव्हणं," त्या म्हणाल्या. "ह्येला धूर न्हाई."